दोन सूत कागद

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी, हातात लाल पेन घेऊन. शाळेची पुस्तकं, औषधाच्या खोक्यातली घडीची माहितीपत्रकं, मतदारांच्या याद्या, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. माझा स्वभाव तिरसट आहे असं लोक म्हणतात. असेल. दिवसभर ऱ्हस्व-दीर्घाशी डोकं लावून घरी आलेल्या बाईने दारातच गोड हसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा ते काम करून बघावं. आमच्या कामात एक नियम आहे, मूळ प्रतीबरहुकूम. लिहिणाऱ्याने लिहिलंय तसं छापायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि त्यालाच विचारायचं. नोकरीत या नियमाने मला कधी तोंडघशी पाडलं नाही. घरात पाडलं, आणि माझा सख्खा भाऊ नऊ वर्षं माझ्या घरी जेवला नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. मी लहानपणी इतकी बुटकी होते की तो मला टिंबू म्हणायचा, टिंबाएवढी म्हणून. वडील लवकर गेले. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायची आणि तिला फक्त रविवारची सुट्टी असायची. त्या दिवशी ती पास्ता करायची, खिम्याच्या सॉसमधला. हा सॉस तिला इस्पितळातल्या एका स्वयंपाकिणीने शिकवला होता. दुपारपासून पातेलं गॅसवर असायचं. मला ते कधी बघायला मिळालं नाही, कारण सोमवारी निघणाऱ्या साप्ताहिकापायी आमचा छापखाना रविवारी चालू असायचा. मी साडेपाचला घरी पोचले की ताटं मांडलेली असायची. दादा पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, मीठ कमी आहे. आई म्हणायची, घे मग वरून. दर रविवारी हेच. दोघांपैकी कोणीही कधी वेगळं काही बोललं असतं तर मला घास गिळता आला नसता.

आई गेली त्याच्या वर्षभर आधी मी तिच्याकडून कृती लिहून घेतली. म्हणजे तिनेच लिहिली, धुलाईखान्याच्या पावतीच्या मागच्या बाजूला, बॉलपेनने. दहा ओळी. आई लिहायची ते तार केल्यासारखं, मोजक्या शब्दांत. ती होती तोवर मला ती पावती नीट वाचायची गरजच पडली नाही. ती गेल्यावर मी ती पावती छापखान्यात नेली, मोठ्या यंत्रावर तिच्या विसकटलेल्या कडा सरळ कापून घेतल्या आणि प्लास्टिकमध्ये बंद केली. सुबक दिसायला लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी दादाला जेवायला बोलावलं. पावतीबरहुकूम सगळं केलं. दादाने दोन घास घेतले. मी मिठाच्या वाक्याची वाट बघत होते. त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाला, "हे आईचं नाही."

मी उठून पावती आणली आणि त्याच्यापुढे धरली. अक्षर न् अक्षर तिचं आहे, म्हटलं. तो म्हणाला, अक्षर असेल, सॉस नाही. हा आजाऱ्याला भरवायचा लगदा आहे. तेव्हा माझी जीभ सुटली. आईच्या इस्पितळातल्या शेवटच्या आठवड्यात जो एकदाच तोंड दाखवून गेला, त्याने आईचं काय आणि काय नाही हे मला शिकवू नये, असं मी म्हणाले. त्याला परगावच्या कामावरून सोडत नव्हते हे मला माहीत होतं. माहीत असून बोलले. दादाने खुर्चीच्या पाठीवरचा कोट घातला आणि गेला.

खरं सांगायचं तर तो बरोबर बोलत होता हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि म्हणूनच एवढा संताप आला. माझीही जीभ सांगत होती की काहीतरी चुकतंय. पण कागद सांगत होता की बरोबर आहे, आणि मी आयुष्यभर कागदाचं ऐकत आले होते. पुढे नऊ वर्षं मी खाटीक बदलून पाहिला, टोमॅटो बदलले, पातेलं बदललं. कृतीवर मात्र मी कधी समासात प्रश्नचिन्ह टाकलं नाही. विचारणार तरी कोणाला.

दादा तसा फोन करायचा. वाढदिवसाला, नवीन वर्षाला, तब्येतीची विचारपूस आणि हवापाणी. त्यात टिंबू कधी आलं नाही. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा वाढदिवस कोणाचाच नव्हता. तो निवृत्त झाला होता. मुलाने त्याला आपल्याकडे बोलावलं होतं, राज्याच्या दुसऱ्या टोकाला, इथून बसने अकरा तास. खोली रिकामी करून किल्ली दिली, रविवारी पाचची बस आहे, असं म्हणाला.  मी म्हटलं, मग जेवूनच जा ना. तो बरं म्हणाला. सॉस करू का, असं विचारलं. पलीकडून "कर" आलं.

आमची दोघांचीही साठी उलटलेली. अकरा तासांवर गेलेला माणूस पुन्हा केव्हा दारात उभा राहील कोण जाणे. या वेळी त्याने काटा खाली ठेवला, तर आमच्या दोघांत नातं म्हणून फोनचं बिल तेवढं उरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी साडेअकराला मी सुरुवात केली. दादा एकला येणार होता आणि माझ्या पद्धतीने सॉसला दीड तास पुरायचा. नवरा मदतीला होता. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. भिंगं घासून घासून त्याचा हात असा बसलाय की गाजराचे तुकडे त्याच्यावर सोपवावेत आणि आपण निर्धास्त व्हावं. कांदा, गाजर, सेलरी, सगळं सारख्या मापाचं, मोहरीहून थोडं मोठं. तेल आणि लोणी एकत्र तापवून मी ते त्यात टाकलं आणि गॅस बारीक केला. आईची तिसरी ओळ सांगते, सोनेरी नको नुसतं मऊ. कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडसर वास सुटेपर्यंत मी हलवत राहिले. मग खिमा. तो आधी पाणी सोडतो, करडा आणि केविलवाणा दिसतो. नवशिक्या माणसाला वाटतं झालं. पाणी आटू द्यायचं. आटलं की तळाशी तडतड सुरू होते आणि खिम्याला तांबूस कड येते. तेव्हा दूध घालायचं. दूधही आटवायचं. मग जायफळ किसून चिमूटभर, हाताने कुस्करलेले टोमॅटो आणि बेताने मीठ. आईच्या हाताला मीठ कमीच असायचं, म्हणून मीही कमीच घातलं.

नववी ओळ सगळ्यात लांब, पावतीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मंद आच झाकण अर्धं मग वाट.

तेव्हा वीस मिनिटं मंद आचेवर, नंतर उतरवून थोडं निवू द्यायचं आणि मिक्सरमधून काढायचं, हा माझा नऊ वर्षांचा शिरस्ता. आईकडे मिक्सर नव्हता, पण टेबलाला लावायचं हाताने फिरवायचं खिम्याचं यंत्र होतं. ती त्यातूनच दुसऱ्यांदा काढत असणार अशी मी स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कमी काही पडत नाही.

साडेबाराला मी मिक्सरचं बटण दाबलं आणि काही झालं नाही. दिवा लावून पाहिला, लागला नाही. नवरा जिन्यात जाऊन आला. सगळ्या इमारतीची वीज गेली होती आणि कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी मिक्सरच्या भांड्यावर थाप मारली, जणू त्याचाच गुन्हा होता. नवरा म्हणाला की न वाटता वाढलं तर काय बिघडेल. मी त्याला सांगितलं की पावतीत वाट असं लिहिलंय. तो म्हणाला, मंद आच, झाकण अर्धं आणि मग वाट, हे वाक्य मला कधीच नीट लागलेलं नाही. उतरव कुठे म्हटलंय. गॅसवर ठेवून कोण वाटतं.

चष्मेवाल्याने प्रूफ तपासणारीला वाक्य शिकवावं, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पावती खिळ्यावरून काढली आणि खिडकीत नेली, त्याला शब्द दाखवायला. तिथे उजेड चांगला होता. शब्द होताच, वाट, आणि त्याच्यापुढे पूर्णविराम. इतक्या वेळा वाचलेली ओळ, पण त्या दिवशी माझी नजर त्या पूर्णविरामावर अडकली. मी बाकीच्या नऊ ओळी पाहिल्या. एकीलाही पूर्णविराम नव्हता. असणारच नाही. आईने जन्मात कधी पूर्णविराम दिला नव्हता. पत्रं लिहायची ती एका दमात, बोलायचीही तशीच.

मी नवऱ्याकडे भिंग मागितलं. शर्टाच्या खिशातच असतं त्याच्या. ते लावून पाहिलं तर टिंब टिंब नव्हतं. त्याला बाक होता, बाहेर फुगलेला, आणि त्याच्या बरोबर वर, ओळीच्या उंचीवर, शिरोरेघेचा केसाएवढा तुकडा होता. पुढे कागद संपत होता, सरळ, सुबक. एका अक्षराचा डावा काठ तेवढा राहिला होता. ते अक्षर कुठलं हे ओळखायला एकतीस वर्षांच्या अनुभवाची गरज नव्हती.

मग वाट बघ.

यंत्रावर मी दोन सूत, म्हणजे पाव इंच, कागद उडवला होता. विसकटलेली कड म्हणून. त्याबरोबर आईचा शेवटचा शब्द केराच्या टोपलीत गेला, आणि मी नऊ वर्षं तिचा सॉस वाटत बसले. मी खिडकीतच खाली बसले. नवरा घाबरला, पाणी घेऊन आला. मला रडू आलं आणि त्यातच हसूही आलं. दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर मी पानभर लाल केलं असतं.

मग मी उठले, सॉस भांड्यातून पुन्हा पातेल्यात ओतला आणि गॅस मंद करून झाकण अर्धं ठेवलं. एकला वीस मिनिटं होती. पण आता नवी पंचाईत उभी राहिली. वाट बघ म्हणजे किती बघ. आईने वेळ लिहिली नव्हती. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, कारण त्या रविवारच्या दुपारी मी छापखान्यात असायचे आणि घरात आईजवळ तो असायचा.

दादा एकला पाच कमी असताना आला, चार मजले चढून. वीज असती तरी चढूनच आला असता. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये तो पाऊल टाकत नाही. केस पार पांढरे झाले होते. एक बॅग दाराशी ठेवली आणि कोट न काढता खुर्चीच्या टोकावर बसला. नवऱ्याने त्याला प्रवासाचं विचारलं. तो म्हणाला, बसथांबा लांब आहे, तीनला निघावं लागेल. म्हणजे दोन तास. कोटाची बटणंसुद्धा त्याने सोडली नव्हती.

मी पावती आणि भिंग त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. आदल्या रात्री मी मनात पुष्कळ वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"नववी ओळ बघ," मी म्हटलं. "पुढचा शब्द मी कापला. बघ होतं तिथे. मी नऊ वर्षं वाटत होते, दादा. तू म्हणालास ते बरोबर होतं आणि मी तुला इस्पितळावरून बोलले ते चूक होतं. दोन्ही चुका माझ्या."

दादाने भिंग डोळ्याला लावलं. आईचं अक्षर त्याने बहुतेक बऱ्याच वर्षांनी पाहिलं असावं. पुष्कळ वेळ तो त्या टिंबावरच होता. त्याचा अंगठा प्लास्टिकवरून फिरत राहिला, कापलेल्या कडेवर.

"इस्पितळाचं चूक नव्हतं," तो म्हणाला. "सुट्टी देत नव्हते हे खरं. पण मी नोकरी सोडून येऊ शकलो असतो. आलो नाही. तू बोललीस म्हणून मी येत नव्हतो असं नाही. तू बोलायच्या आधीपासून मी ते स्वतःला म्हणत होतो."

 नवरा हळूच उठून दुसऱ्या खोलीत गेला. या माणसाला कुठून उठायचं ते कळतं, यासाठी मी त्याचे बाकीचे गुन्हे माफ करते.

मग मी दादाला विचारलं की आई किती वेळ वाट बघायची. तो उठला, पातेल्याजवळ गेला, झाकण न उचलता कान खाली केला. म्हणाला, घड्याळ नव्हतं बघत ती. खिडकीशी रफूचं काम घेऊन बसायची, मी समोर बसायचो. सॉस आधी भराभर बुडबुडे काढतो. मग सावकाश, एक, आणि मग बऱ्याच वेळाने एक. कडेला तेल सुटतं. आवाज जड झाला की ती सुई खोचून उठायची. तीन तास लागायचे, कधी साडेतीन.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. पावणेएकला धरलं तरी पावणेचार होणार होते, कदाचित सव्वाचार. मी सांगितलं की याला वेळ लागेल आणि तुझी बस जाईल. डबलरोटी आहे, अंडी आहेत, तेवढं खाऊन वेळेवर नीघ. हे म्हणताना मी त्याच्याकडे बघत नव्हते, कट्टा पुसत होते. पुसलेलाच कट्टा.

 बटणं सोडताना दादाच्या कोटाचा आवाज आला. मी वळले तेव्हा तो कोट दाराच्या मागे अडकवत होता. मग त्याने मुलाला फोन लावला आणि सांगितलं की आजचं जमत नाही, उद्या सकाळच्या बसने येतो. मुलाने कारण विचारलं असावं. दादा म्हणाला, स्वयंपाक व्हायचाय.

दोन खुर्च्या ओढून आम्ही गॅसपाशी बसलो. मी आईच्या रविवारच्या दुपारी कधी पाहिल्या नव्हत्या, त्यातली ही एक मला साठीनंतर मिळाली. दादा अधूनमधून हलवायचा, घट्ट झालं की चमचाभर पाणी घालायचा. त्याने सांगितलं की आई त्या तीन तासांत फारसं बोलायची नाही. सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात काढायची, म्हणून तिला त्या पातेल्याचा आवाज बरा वाटायचा. लिफ्टच्या खोलीत उभं राहून मोटारीचं दुखणं नुसत्या कानाने ओळखायचं, हे तो तिथेच शिकला. इतकी वर्षं मी समजत होते की तो तेव्हा नुसता लोळत असायचा आणि मी तेवढी राबत होते. तेही त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, लोळायचोही.

वीज तीनला आली. मिक्सरचं बटण मी मघाशी चालूच ठेवलं होतं, तो रिकामाच घरघरायला लागला. नवऱ्याने धावत येऊन तो बंद केला.

चारला दहा कमी असताना दादाने बोट वर केलं. मीही ऐकलं. एक बुडबुडा, जड, आणि मग पुष्कळ वेळ काही नाही. झाकण काढलं तर कडेने लालसर तेलाची रेघ होती आणि खिमा चमच्याने नुसता दाबला तरी सुटत होता. माझ्या जिभेला नऊ वर्षं जे आठवत होतं ते हेच होतं. गुळगुळीत नव्हे, मऊ. पास्ता ऐनवेळी, असं दहावी ओळ सांगते, म्हणून तो आता उकळला, निथळला आणि पातेल्यातच सॉसमध्ये कालवला.

तीन ताटं मांडली. नवरा नेहमी पहिला तुटून पडतो, तोही थांबला. दादाने काट्याला गुंडाळून पहिला घास घेतला, चावला, गिळला. काटा त्याच्या हातातच होता. त्याने दुसरा घास घेतला. माझ्याकडे न बघता, ताटात बघतच तो बोलला.

"टिंबू, मीठ कमी आहे."

माझ्या डोळ्यांपुढे ताट पुसट झालं. तरीही मी मिठाची बाटली त्याच्याकडे सरकवली.

"घे मग वरून," मी म्हटलं.